वाळूतला उजवा हात

माझी आई झोपेतही केस कापते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पार्लरच्या गुलाबी खुर्चीत ती डुलकी काढते. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, बारीक घोरणं, आणि मांडीवरच्या उजव्या हाताचा अंगठा मात्र चालू. उघड, मीट, उघड, मीट. लहान होते तेव्हा मला याची फार गंमत वाटायची. मी त्या बोटांमध्ये कागद सरकवून बघायचे, कापला जातो का.

या उन्हाळ्यात ती गंमत संपली. जुलैतल्या एका शनिवारी एका बाईंचे केस कापून झाले आणि आईला कात्री खाली ठेवता येईना. बोटं उघडतच नव्हती. बाई आरशात स्वतःला न्याहाळण्यात गुंग होत्या. आईनं कात्रीचा हात पाठीमागे धरला, डाव्या हातानं त्यांना दार उघडून दिलं, वाकून निरोप दिला, आणि मग शांतपणे म्हणाली, "योन्दू, जरा इकडे ये. ही काढ."

मी करंगळीपासून एकेक बोट सोडवलं. अंगठा सगळ्यात शेवटी. कात्री सुटली तरी बोटं तशीच वाकलेली राहिली, जणू कात्री अजून तिथंच आहे आणि मलाच दिसत नाहीये.

डॉक्टरांनी हाताचा फोटो काढला. हाडात काही नाही म्हणाले. मग आईकडेच बघत बसले आणि विचारलं, "तुम्ही आराम कधी करता?"

"मंगळवारी," आई म्हणाली. "मंगळवारी पार्लर बंद असतं."

"आणि मंगळवारी काय करता?"

मीच सांगितलं. मंगळवारी ती टॉवेल उकळते, रोलर धुते, आरसे पुसते आणि पुन्हा पुसते, आणि दर थोड्या वेळानं जाऊन बघते की दारावरची 'आज बंद' पाटी कुणी वाचून परत तर नाही ना गेलं.

डॉक्टर म्हणाले, हाताचं सोडा, तुम्ही स्वतःलाच मुठीत आवळून धरलंय. हे असंच चाललं तर पुढच्या उन्हाळ्यात कात्री हातात घेता येणार नाही. औषध काही दिलं नाही, त्याचाच आईला जास्त राग आला.

औषध मोठ्या मावशीकडे होतं. मोठी मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, सुन-दोक. उन्हाळाभर ती साम्यांगच्या किनाऱ्यावर फावडं घेऊन माणसं पुरते. आमची वाळू काळी कुळकुळीत आहे, दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवला तर माणूस नाचायलाच लागतो. सकाळी मावशी लांबट खड्डे खणून ठेवते, ऊन त्यांच्या तळापर्यंत शिरू देते, आणि दुपारी बायका येऊन त्यात आडव्या होतात. मावशी वरून वाळू लोटते. गळ्यापर्यंत. तोंडावर छत्री. मग घाम, आणि मग झोप. गुडघेवाल्या येतात, कंबरवाल्या येतात, आणि काही नुसत्याच सुनांपासून सुटका म्हणून येतात.

"एवढी वर्षं सांगतेय, ये म्हणून," मावशी आईला म्हणाली. "सगळ्या गावाला पुरलं मी, सख्खी बहीणच तेवढी उरलीय."

"ताई, मी मेल्यावर पुर."

"तेव्हा कुणी दुसरा पुरेल. माझ्याकडे गरम आहे."

*

पहिल्या मंगळवारी आई आली ती माझ्यामुळे. याचं श्रेय मी घेणार, कारण आजकाल मी श्रेय घेते. मार्चपर्यंत मी तशी नव्हते. वर्गात माझं नाव पुकारलं तरी 'हजर' म्हणायला मला घाम फुटायचा, आणि पार्लरमध्ये कुणी सामचुन आल्या की मी मागच्या खोलीत रोलर निवडत बसायचे. (आमच्या बेटावर नातं असो नसो, बाई असो की बुवा, वयानं मोठं कुणीही सामचुन.) मग मार्चमध्ये शाळेच्या रेडिओवरच्या मुलीचा घसा बसला आणि बाईंनी जो कागद माझ्या हातात कोंबला तो मी वाचला. नुसता जेवणाचा मेनू होता. पण मुळ्याचं सूप सलग चौथ्या दिवशी आलंय हे मी इतक्या दुःखी आवाजात सांगितलं की अख्खं जेवणघर हसलं. मला ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. तेव्हापासून माझं तोंड उघडलंय ते बंद व्हायचं नाव घेत नाही. आईला मी सकाळपासून इतकं बोलले की शेवटी ती म्हणाली, "चल बाई. वाळूत तरी शांतता मिळेल."

मावशीनं तिला पुरलं. मी डोक्याशी बसले, पाण्याची बाटली आणि नळी घेऊन. समोर समुद्र अगदी सपाट, पोरं टायरवर तरंगत होती, दूर एक जहाज मुख्य भूमीवरच्या मोक्पो बंदराकडे निघालं होतं. बाबा अशाच एका जहाजावर इंजिन सांभाळतात.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"टॉवेल वाळत घातलेत. वारा सुटला तर उडतील."

"वारा नाहीये."

"म्हणूनच तर वाळणार नाहीत."

पण मला दुसरंच काही दिसलं होतं. आईच्या अंगावरची वाळू सगळीकडे सारखी होती, फक्त उजव्या हाताच्या जागी एक भेग होती. बारीक. ती रुंदावायची, वरून चार कण आत ओघळायचे, मग ती मिटायची. उघड, मीट. वीतभर वाळूच्या खाली आईचा अंगठा केस कापत होता.

मावशीनंही ते बघितलं. फावड्याच्या पाठीनं तिनं वाळू थापटून सारखी केली. भेग पुन्हा आली.

"ही रेघ हलायची थांबली ना," मावशी माझ्या कानात म्हणाली, "की समज हिला वाळू लागू पडली."

पण त्या दिवशी ती थांबायची नव्हती. थोड्याच वेळात पायवाटेवरून कांग-सामचुन आणि ह्यॉन-सामचुन उतरल्या. कांग-सामचुनची संत्र्यांची बाग आहे, ह्यॉन-सामचुन टोफू बनवतात, आणि दोघी माझ्या जन्माआधीपासून आईकडे पर्म करून, म्हणजे केस कुरळे करून घ्यायला येतात. एकत्र येतात, एकत्र रोलर लावून बसतात, एकत्र भांडतात. त्या मावशीच्या खड्ड्यांकडेच येत होत्या. मग त्यांना वाळूवर आईचं डोकं दिसलं.

दोघी जागच्या जागी थबकल्या. दोघींचे हात एकदम डोक्यावरच्या रुमालाकडे गेले. रुमाल कपाळापर्यंत ओढून हनुवटीखाली गच्च आवळले, तेही ऑगस्टच्या उन्हात, आणि वळून किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला चालत्या झाल्या. हाक नाही की हात हलवणं नाही.

आई वाळूतून उठली. म्हणजे कशी, तर एकदम. थडग्यातून उठावं तशी. शेजारच्या खड्ड्यातली बाई किंचाळलीच.

"काय झालं?" मावशी धावत आली.

"काही नाही. ऊन लागतंय."

घरी जाताना तिच्या बाह्यांतून काळी वाळू गळत होती. बसमध्ये ती म्हणाली, "दोन महिने झाले. कांग नाही, ह्यॉन नाही, को-सामचुन नाही, टेकडीवरच्या त्या दोघी नाहीत. रस्त्यात दिसल्या की डोक्याला रुमाल. केस दुसरीकडे करून घेतलेत, मला दिसू नयेत म्हणून झाकतात. चौकात नवं पार्लर आलंय ना, कॉफी देतात म्हणे."

"तू विचारलंस त्यांना?"

"काय विचारू? माझा हात वाईट झाला का म्हणून?" ती खिडकीतून बाहेर बघत होती. "झालाच आहे. त्यांना कळतं ना. उन्हाळा संपून चुसोकचा सण येईपर्यंत ओढते कसंतरी. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे जागा भाड्यानं देऊन टाकू."

मी आयुष्यातला सगळा शाळेचा अभ्यास त्या गुलाबी खुर्चीच्या पायाशी बसून केलाय. मी काहीच बोलले नाही. माझ्यासारखी आता काहीच बोलली नाही म्हणजे समजा.

*

आठवडाभर आई आणखी जोरात काम करत राहिली. गिऱ्हाईक कमी, म्हणून जे येईल त्याचं दुप्पट. एका शाळकरी मुलाचे केस ती इतका वेळ कापत होती की त्यानं घाबरून विचारलं, "संपत आले का?" संध्याकाळी जेवताना तिच्या हातातून चॉपस्टिक्स दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा तिनं चमचाच घेतला, आणि आम्ही दोघींनी ते न बघितल्यासारखं केलं.

सोमवारी मी म्हटलं, "उद्या पुन्हा वाळूत."

"मुळीच नाही. मला त्यांच्या पाठी बघायच्या नाहीत."

"त्यांना तू दिसलीच नाहीस तर?"

माझी युक्ती अशी होती. उन्हाळ्यात किनाऱ्यावर निम्म्या बायका डोळ्यांपर्यंत मास्क लावून फिरतात, ऊन लागू नये म्हणून. त्यावर मोठा काळा चष्मा. राहिले केस, तर टॉवेलची दोन्ही टोकं गुंडाळून मेंढीची शिंगं करायची, गरम पाण्याच्या हमामात पोरी करतात तशी. आमच्या गावातली कुठलीही सभ्य बाई डोक्यावर शिंगं घेऊन बाहेर पडणार नाही. ते राजधानीहून, सोलहून सुट्टीला आलेल्यांचं काम.

"आणि तू?" आई म्हणाली. "तुला त्या ओळखत नाहीत की काय? रांगायला लागल्यापासून बघतायत."

"बघतात. ऐकलंय कधी?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

*

मावशीला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं आईला लवकर पुरलं, शिंगांसकट. मी टोपी घातली, मास्क लावला आणि छत्रीच्या सावलीत बसले. अंगठ्याची रेघ चालू होती. उघड, मीट.

कांग-सामचुन आणि ह्यॉन-सामचुन आल्या. रुमाल होतेच. लांबून सगळी डोकी नीट तपासली. आमच्यापाशी नजर थांबली.

"ही कोण गं, सुन-दोक?"

"सोलची पाहुणी आहे. पाठ धरलीय म्हणे. ती लेक."

"आपलं बोलणं कळतं का यांना?"

"कसलं कळतंय. मगाशी जेवलात का विचारलं, तर दोघी आकाशाकडे बघायला लागल्या."

आमच्या बेटाच्या बोलीचा हा फायदा आहे. मुख्य भूमीवरच्या माणसाच्या तोंडावर त्याच्या नाकाबद्दल बोलावं, त्याला पत्ता लागत नाही. आमच्या म्हाताऱ्या यावर इतक्या निर्धास्त असतात की बसमध्ये पाहुणे दिसले की घरातली सगळी भांडणं मोकळी करतात.

मी रेडिओचा आवाज काढला, अगदी राजधानीचा, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. "नमस्कार, आजी. किती सुंदर समुद्र आहे तुमच्याकडे. आमच्या सोलमध्ये अशी वाळू मिळत नाही हो."

"मिळत नाही म्हणे," कांग-सामचुन आमच्या बोलीत ह्यॉन-सामचुनला म्हणाल्या. "वाळू म्हणजे काय मुळ्याची जुडी आहे?" आणि माझ्याकडे बघून गोड मान हलवली.

"बोलते छान पण."

"बोलते म्हणजे काय, थांबतच नाही. आपल्या योन्दूच्या अगदी उलट. ती बिचारी कायम तोंडात पाण्याची गुळणी धरल्यासारखी."

मास्कच्या आत मी ओठ चावला. शेजारच्या शिंगांखालून एक हुंकार आला. मी पटकन नळी आईच्या तोंडाशी धरली.

दोघी शेजारच्या खड्ड्यांत आडव्या झाल्या. मावशीनं वाळू लोटली. पोट गेलं, हात गेले, खांदे गेले. आणि हात जायच्या आधी दोघींनी, इकडेतिकडे एकदा बघून, रुमाल सोडले.

मी पार्लरवालीची मुलगी आहे. मला डोकं बघितलं की कळतं. कांग-सामचुनच्या डोक्यावर केरसुणी होती, तीही झिजलेली. ह्यॉन-सामचुनचे केस खाली कुरळे, वर सरळ आणि मुळाशी पांढरेफटक, जणू तीन बायकांच्या केसांचं एकच डोकं केलंय. या डोक्यांना कुठल्याच पार्लरमध्ये कुणीही हात लावलेला नव्हता. नव्या नाही आणि जुन्याही नाही.

मी आईकडे बघितलं. काळ्या चष्म्यातून ती कुठं बघतेय ते कळत नव्हतं. पण शिंगं हळूहळू त्या बाजूला वळली.

"हुश्श," कांग-सामचुन म्हणाल्या. "डोक्याला वारा लागला. त्या रुमालानं जीव नकोसा केला होता."

"मग कापून घे जा."

"तू घे आधी. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय खरं. पण माझा नवरा म्हणतो, रात्री अंगणात भेटलीस तर दगड मारीन."

"मारू दे. तू बघितलं होतंस ना मे महिन्यात? माझ्या कानामागचे केस कापताना तिचा अंगठा असा थरथरत होता, बाई. आणि वर मलाच विचारते, सामचुन, पाणी गार नाही ना?"

"मला बघवलं नाही. मी डोळे मिटून घेतले."

"म्हणून तर मी घरोघरी जाऊन सांगितलं. उन्हाळाभर कुणीही जायचं नाही. पोरीचा हात विसावू दे जरा. चुसोकच्या तोंडावर एकेक करून जाऊ. झुंडीनं गेलो तर पुन्हा आडवी होईल."

"आणि केस दिसले तर?"

"म्हणून तर रुमाल. एकदा दिसले की सोडणारे का ती? भर चौकात खाली बसवून कापेल."

ह्यॉन-सामचुन हसल्या, त्यांच्या पोटावरची वाळू हलली. "त्या दिवशी काय पळालो आपण तिला बघून."

"मला वाईट वाटलं गं. निदान हात करायला हवा होता. पण हात केला असता तर रुमाल सुटला असता."

"को मात्र गेली होती म्हणे त्या चौकातल्या नव्या ठिकाणी."

"एकदाच. आली आणि म्हणाली, कॉफी चांगली देतात पण मान धरायची कशी ते माहीत नाही. आता वेणी घालीन म्हणते, पण थांबीन."

आईच्या उजव्या हातावरची रेघ अर्धी उघडी राहिली होती. तशीच. मग अचानक छातीवरची वाळू हलायला लागली, तडे जायला लागले, आणि चष्म्याखालून पाणी ओघळून मास्कमध्ये शिरलं.

मी वाकून टॉवेल लावला. "आई?"

"घाम आहे," आई पुटपुटली. चांगली अस्सल बेटाच्या बोलीत.

"काय म्हणाली ती?" कांग-सामचुननी मान वळवायचा प्रयत्न केला. गळ्यापर्यंत पुरलेल्या माणसाला ते फारसं जमत नाही.

"आई म्हणते, फारच छान वाटतंय," मी राजधानीच्या आवाजात सांगितलं.

"वाटणारच. वाळू कुणाची आहे."

*

दुपारी पाणी ओसरत होतं, लाट आली तरी लांबवर येऊन फेसाची रेघ ठेवायची आणि परत जायची. तिचा आवाज इतका सावकाश होता की मलाही पेंग यायला लागली. सावली सरकली तशी मी छत्री सरकवली. आईचा श्वास लांब झाला. आणि मग सुरू झालं ते घोरणं, बारीक, वर चढणारं, टोकाला जाऊन शिट्टी वाजवणारं.

कांग-सामचुनचे डोळे उघडले.

"हे घोरणं मी ऐकलंय."

"कुठं?"

"रोलर लावून अर्धा तास मला बसवून ठेवते आणि स्वतः समोरच्या खुर्चीत..." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "सुन-दोक. तुझी सोलची पाहुणी घोरते मात्र आपल्या बोलीत."

मावशी फावड्यावर हनुवटी टेकून समुद्राकडे बघायला लागली.

"ए पोरी. मास्क खाली कर."

मी केला.

"योन्दू?"

"हो, सामचुन."

"तू बोलतेस?"

"मार्चपासून."

दोन्ही डोकी माझ्याकडे बघत राहिली. मग एकमेकींकडे. मग शिंगांकडे.

"म्हणजे सगळं ऐकलं तिनं," ह्यॉन-सामचुन कुजबुजल्या.

"ऐकू दे," कांग-सामचुनही कुजबुजल्या. "एरवी सांगणार कधी होतो आपण? हातात कात्री घेऊन जी मानेजवळ उभी असते तिच्याशी कोण वाद घालणार?"

"तिला वाटलं तुम्ही नव्या पार्लरमध्ये जाता," मी म्हटलं. "रुमाल बघून. ती पार्लर भाड्यानं द्यायला निघालीय."

हे ऐकून कांग-सामचुन उठायलाच निघाल्या असत्या. खांद्यावरची वाळू फुगली. पण मावशीनं बोट ओठांवर ठेवलं आणि फावड्याच्या टोकानं आईचा उजवा हात दाखवला.

वाळू सपाट होती. भेग कुठंच नव्हती, वरून ओघळलेल्या कणांनी ती भरून गेली होती. आम्ही चौघी बघत राहिलो. बराच वेळ. ती सपाटच राहिली.

मग सुरू झाली एक विचित्र दुपार. दोघी सामचुनांची वाळूतली वेळ कधीच संपली होती, पण उठायचं म्हणजे फावडं चालणार, आवाज होणार. त्यामुळे कुणी उठेना. टोमॅटोसारख्या लाल झाल्या, तरी पडून. मी आळीपाळीनं दोघींना नळीनं पाणी पाजत होते. मध्येच चेंडू घेऊन तीन पोरं आरडाओरडा करत जवळ आली. कांग-सामचुनना हात हलवता येत नव्हता, ओरडता येत नव्हतं. त्यांनी नुसते डोळे वटारले. वाळूतलं एक मुंडकं, त्यावर केरसुणी, आणि ते डोळे वटारतंय. पोरं चेंडू तिथंच टाकून पळाली.

एक पिटुकला खेकडा आला. आईच्या उजव्या हाताच्या वरून आडवा चालत गेला, मधोमध थांबला, वाळूचे कण तोंडात घालून बघितले, काही खास लागले नसावेत, आणि पुढे गेला. त्याच्या पायांचे ठिपके तसेच उमटून राहिले.

*

वाळू निवली तेव्हा आई आपली आपण जागी झाली. मावशीनं आणि मी वाळू बाजूला केली. आधी पाय, मग पोट, मग डावा हात. उजवा शेवटी. तो पालथा नव्हता, उताणा होता. बोटं सुटी, तळव्यात चिमूटभर काळी वाळू.

आईनं चष्मा काढला, मास्क काढला. शिंगं विसरली. शेजारच्या दोघी अजून गळ्यापर्यंत आतच होत्या.

"सामचुन," आई म्हणाली. तिचा आवाज झोपेनं जड होता. "उद्या सकाळी दोघी या."

"नाही येणार," कांग-सामचुन म्हणाल्या.

"डोकं बघितलंत का स्वतःचं?"

"माझं डोकं आहे, मी बघीन. आमचा नंबर लागलाय. माझा पुढच्या गुरुवारी. एका दिवशी एकच पर्म, त्याच्यावर नाही. कबूल असेल तर येते, नाहीतर को म्हणते तशी वेणी घालते."

"एका दिवशी एक? असं कुठं पार्लर असतं का?"

"आहे की. आमच्या गावात. शिंगंवाली एक बाई चालवते."

आईचा हात डोक्याकडे गेला. मग ती जी हसायला लागली ती थांबेचना, आणि ह्यॉन-सामचुनही, आणि हसता हसता दोघींच्या वाळूला आपोआप तडे गेले. मावशी म्हणाली, आज फावड्याची गरजच नाही पडली.

किनाऱ्याच्या कडेला खडकातून गोड्या पाण्याचा झरा निघतो, ऑगस्टमध्येही दात वाजतील इतका गार. तिथं सगळ्यांनी वाळू धुतली. मी घरून भाजलेल्या सातूचं पीठ आणलं होतं, ते त्याच पाण्यात कालवलं. आईला पेला दिला. तिनं घेतला आणि प्यायली. अर्धा पेला संपल्यावर माझ्या लक्षात आलं, उजव्या हातानं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती विचार करायला लागली असती.

एका दुपारीत हात बरा होत नाही, हे मलाही कळतं. बुधवारी सकाळी अंगठा पुन्हा कुरकुरला. पण आईनं कात्री खाली ठेवली, दार उघडून थोडा वेळ बाहेर उभी राहिली आणि मग परत उचलली. भाड्याचं पुन्हा निघालं नाही. मी मुद्दाम नाव काढून बघितलं तर म्हणाली, "कसलं भाडं? तोंड फार चालतं तुझं हल्ली. रोलर निवड."

पुढच्या मंगळवारी ओळीतले चार खड्डे भरले होते: को-सामचुन वेणी घालून, ह्यॉन-सामचुन, मध्ये आई, आणि पलीकडे कांग-सामचुन. त्यांचा गुरुवार अजून यायचा होता. रुमाल नव्हते, मास्क नव्हते. आई मान वळवून कांग-सामचुनच्या केरसुणीकडे बघत होती. मी आईच्या उजव्या हाताकडे बघत होते.

वाळू हलली. एकदाच, अगदी जराशी.

"दाओनची आई, नाही..." को-सामचुन नेहमी दुसऱ्याच कुणाच्या पोराचं नाव घेतात. "योन्दूची आई, झोप की आता."

"झोपतेय," आई म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी आईच्या तोंडावर सावली येईल अशी छत्री ओढली आणि पाण्यात पळाले. वाळू इतकी तापली होती की अर्ध्या वाटेपर्यंत मी नाचतच गेले.